तेराव्यानंतर हातांना काम हवे

घरात मृत्यू झाला की आपल्याकडे दारातली रांगोळी थांबते. सुतक फिटेपर्यंत उंबरठा कोरा राहतो, देवपूजा बंद असते, गोडधोड होत नाही. घर असे थबकलेले असले तरी घरातल्या माणसांच्या हातांना मात्र त्या दिवसांत उसंत नसते. वैकुंठात जाण्याची तयारी, अस्थी गोळा करणे, ओंकारेश्वराच्या घाटावर दशक्रिया, पिंड करणे, कावळ्याची वाट पाहणे, भेटायला येणाऱ्यांचा चहा, तेराव्याचा स्वयंपाक. बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, मुस्लिम कुटुंबांत चाळिसाव्यापर्यंतचे विधी असतात. रीती वेगवेगळ्या असल्या तरी त्या सर्वांत एक शहाणपण आहे. मन सुन्न झालेले असताना त्या हातांना ठरावीक काम देतात आणि त्या कामाला ठरावीक दिवस देतात.

अडचण सुरू होते ती त्यानंतर. पाहुणे आपापल्या गावी परततात. फोन कमी होतात. कामावर जाणारे कामावर जातात. आणि ज्याचे माणूस गेले आहे त्याला तेव्हा कुठे कळू लागते की ते खरोखर गेले आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात शोकाने पिचलेली माणसे माझ्याकडे पहिल्या आठवड्यात क्वचित आली. ती येतात दोन-तीन महिन्यांनी. झोप नाही, भूक नाही, छातीवर दडपण, "काही सुचत नाही" अशी तक्रार. पुष्कळदा हृदयाच्या तपासण्या करून, त्या चांगल्या आल्यावर, मग ती मानसोपचाराकडे वळतात.

अशा काळात उपयोगी पडणाऱ्या एका साध्या साधनाविषयी आज लिहायचे आहे. ते म्हणजे चित्र काढणे. "मला चित्र येत नाही" असे म्हणून कृपया पान उलटू नका. हा लेख चित्र न येणाऱ्यांसाठीच आहे.

शोक हा आजार नव्हे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणूस गेल्यावर दुःख होणे हा आजार नाही आणि त्यावर गोळी नाही. शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असे पुष्कळांनी वाचलेले असते. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली हे मांडले, ते मुख्यतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. पुढे ते मागे राहिलेल्यांनाही लावले गेले. प्रत्यक्षात शोक असा जिना चढल्यासारखा एकेक पायरी ओलांडत जात नाही.

१९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँडमधील संशोधकांनी जे वर्णन केले, ते मला रुग्णांच्या अनुभवाशी अधिक जुळणारे वाटते. त्यांच्या मते शोकातला माणूस झोपाळ्यासारखा दोन टोकांमध्ये ये-जा करतो. एका टोकाला गेलेल्या माणसाची आठवण, रडणे, त्याच्या वस्तू जवळ घेणे. दुसऱ्या टोकाला गॅसचे बुकिंग, बँकेतले वारसाचे कागद, मुलांची शाळा, म्हणजे उरलेल्या आयुष्याची नवी घडी. ही ये-जा चालू असणे हेच निरोगीपणाचे लक्षण. झोपाळा एका टोकाला अडकला, की त्रास वाढतो. दिवसरात्र आठवणीत बुडालेला माणूस अडकलेला असतो, तसाच "मी एकदम ठीक आहे" म्हणत एकदाही न थांबणारा माणूसही.

कागद-पेन्सिलीचा उपयोग नेमका इथे होतो. चित्र काढायला बसणे म्हणजे दुःखाजवळ ठरवून जाणे आणि वही मिटणे म्हणजे तिथून ठरवून परत येणे. विधींनी तेरा दिवस जे केले, तेच हे लहान प्रमाणात करते. हातांना काम देते, आणि त्या कामाला सुरुवात व शेवट देते.

हाताने शोक करण्याची जुनी रीत

हे काही परदेशातून आलेले खूळ नाही. आपल्या गावोगावी देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते शोकाचे दगडी चित्रच आहे. पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात, धातूच्या लहानशा पत्र्यावर ठसवलेल्या आकृती. मेळघाटातील कोरकू लोक आपल्या मृतांसाठी लाकडी स्मृतिफलक कोरतात. त्यावर घोडेस्वार असतो, चंद्र-सूर्य असतात. आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून ती अंगावर घेणे, हे तर आपल्यापैकी कित्येकांनी अनुभवले असेल.

पुणेकरांना आणखी एक उदाहरण घराजवळ आहे. बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे, अशा वीस हजारांहून अधिक वस्तू दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवल्या. ते स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. १९७५ साली केळकरांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, त्यावर मुलाचे नाव ठेवून. हा संग्रह दुःखातूनच जन्मला असे मला म्हणायचे नाही. संग्रहाचा छंद हा वेगळाच असतो. परंतु आई-वडिलांनी आपल्या हातच्या कामाला गेलेल्या मुलाचे नाव दिले आणि आज शाळेची मुले त्या नावाच्या दारातून आत जातात, हे पाहिले की शोकाला हातांचा आधार कसा मिळतो ते ध्यानात येते.

चित्रकलेतले सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतले आहे. केटे कोलविट्झ या चित्रकर्तीचे यजमान बर्लिनच्या गरीब वस्तीत डॉक्टर होते. १९१४ च्या ऑक्टोबरात त्यांचा धाकटा मुलगा पीटर पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला. वय अवघे अठरा. काही आठवड्यांतच त्यांनी त्याच्या स्मारकाचा विचार सुरू केला. आराखडे काढले, बदलले, १९१९ साली काम चक्क सोडून दिले, काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले. अखेर १९३२ साली बेल्जियममधल्या त्या सैनिकी दफनभूमीत दोन दगडी मूर्ती उभ्या राहिल्या. गुडघे टेकलेली आई आणि गुडघे टेकलेला बाप. एकमेकांपासून वेगळे, आपापल्या दुःखात मिटलेले. आयुष्यभर चित्रे काढलेल्या, हात तयार असलेल्या बाईंना हे काम पुरे करायला सतरा-अठरा वर्षे लागली आणि मध्ये ते सोडूनही द्यावे लागले. तेव्हा "सहा महिने झाले, आता तरी सावर" असे कोणाला म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबले पाहिजे.

चित्र काढताना काय घडते?

शोकात शब्द अपुरे पडतात, हे आपण नेहमी म्हणतो. कोणी विचारले "कसे आहात?" की "ठीक" याशिवाय उत्तर सुचत नाही. विशेषतः पुरुषांना. चित्राला वाक्य जुळवावे लागत नाही, कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

दुसरे म्हणजे, समोरची वस्तू पाहून चित्र काढताना डोळा आणि हात एका कामाला जुंपले जातात. चष्म्याची काडी कुठे वाकली आहे हे पाहत असताना "मी त्या दिवशी लवकर का नेले नाही" या विचाराचे चऱ्हाट काही वेळ तुटते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती, कागद असे साहित्य देऊन हवे ते करू दिले. आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, मोजले. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत ते कमी झालेले आढळले. ज्यांना पूर्वी कलेचा अनुभव होता आणि ज्यांना नव्हता, त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. हा अभ्यास शोकग्रस्तांवर केलेला नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण चित्र चांगले येण्याशी याचा संबंध नाही, एवढे त्यातून समजते.

तिसरा मुद्दा आठवणीचा. शोकात एक भीती पुष्कळांना छळते, पण ते बोलून दाखवत नाहीत. "मी त्याचा चेहरा विसरेन का? आवाज विसरेन का?" कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगांत असे दिसले की, जे शब्द लोकांनी लिहून काढले त्यांपेक्षा ज्यांचे चित्र काढले ते त्यांच्या अधिक लक्षात राहिले. चित्र काढण्यासाठी बारकाईने पाहावे लागते, आठवावे लागते, हात चालवावा लागतो. या तिन्हींमुळे खूण पक्की होते. गेलेल्या माणसाला विसरणे हे शोकाचे ध्येय नाहीच. त्याच्याशी असलेले नाते वेगळ्या रूपात सांभाळणे, हे आजचे शास्त्रही मान्य करते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी दुःखी मनःस्थितीतल्या लोकांना चित्रे काढायला देऊन पाहिले. ज्यांनी आपले दुःखच कागदावर ओतले त्यांच्यापेक्षा ज्यांनी दुसरेच काही काढले, त्यांना त्या वेळेपुरते अधिक बरे वाटले. म्हणजे दरवेळी मृत्यूचेच चित्र काढले पाहिजे असे मुळीच नाही. कधी त्या माणसाची वस्तू काढावी, कधी कुंडीतले जास्वंद. मघाशी सांगितलेला झोपाळा इथेही चालू राहिला पाहिजे.

घरी कसे करावे?

साहित्य साधे ठेवावे. शाळेची चित्रकलेची वही, एक पेन्सिल, हवे तर तेलखडूंची पेटी. खोडरबर शक्यतो घेऊ नये. तो हाताशी असला की आपण चित्र सुधारत बसतो.

वेळ ठरवावी. पुष्कळांना दिवेलागणीची वेळ सर्वांत जड जाते, कारण ती माणूस घरी परतण्याची वेळ असते. तेव्हा वीस मिनिटे बसावे. वीस मिनिटे झाली की वही मिटून कपाटात ठेवावी आणि उठून काहीतरी रोजचे काम करावे. चहा टाकावा, झाडांना पाणी घालावे, दूध आणायला जावे. हे उठणे बसण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

काय काढावे, यासाठी मी माझ्याकडे येणाऱ्यांना साधारण पाच गोष्टी सुचवते.

पहिली, वस्तू. त्या माणसाची एकच वस्तू समोर ठेवावी. चष्मा, पानाचा डबा, चप्पल, घड्याळ. जशी दिसते तशी काढावी.

दुसरी, नकाशा. ज्या घरात एकत्र राहिलात त्या घराचा, किंवा त्या माणसाच्या बसण्याच्या कोपऱ्याचा आठवून नकाशा काढावा. रेषा सरळ नसल्या तरी चालेल.

तिसरी, ठिपके. चौकटीच्या वहीत ठिपक्यांची रांगोळी काढावी. ज्या दिवशी आठवणही नकोशी वाटते, त्या दिवसासाठी ही उत्तम. हात आपोआप चालतो, मनाला विसावा मिळतो.

चौथी, पंजा. आपला हात कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी. त्या माणसाकडून आपल्या हातात काय आले, ते आत लिहावे किंवा काढावे. भाकरी थापणे, सायकल चालवणे, सही करण्याची ढब.

पाचवी, कापड. ज्यांच्या हाताला पेन्सिलीपेक्षा सुई जवळची, त्यांनी जुन्या साड्यांची किंवा सदऱ्यांची गोधडी शिवावी. मात्र घाईने सगळे कपडे कापू नयेत. घरातल्या प्रत्येकाला विचारावे आणि निदान एक कपडा अखंड ठेवावा.

चित्र कोणाला दाखवण्याचे बंधन नाही. फाडून टाकावेसे वाटले तर फाडावे.

यातील नकाशाचा प्रकार एका गृहस्थांनी कसा केला ते सांगण्यासारखे आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, यंत्रांचे आराखडे वाचण्यात आयुष्य गेलेले. पत्नी गेल्यावर चार महिने ते जवळजवळ मुके झाले होते. मुलीने आग्रह केला म्हणून माझ्याकडे आले. फुलझाडे वगैरे काढायला त्यांनी साफ नकार दिला. मी म्हटले, स्वयंपाकघराचा आराखडा काढा, मापासहित. पुढच्या खेपेला ते पट्टीने आखलेला कागद घेऊन आले. ओटा, मांडणी, पाण्याचा पिंप, एका रांगेत सात डबे. पाच डब्यांवर नावे होती, दोन कोरे. "त्यांत काय असायचे ते मला माहीत नाही," असे म्हणाले आणि प्रथमच रडले. मग त्यांनी मुलीला फोन करून विचारले. एका डब्यात मेतकूट, दुसऱ्यात दिवाळीच्या पणत्यांच्या वाती. त्या फोनवर बापलेक तासभर बोलले. आईविषयी दोघांचे असे बोलणे तोवर झालेच नव्हते. हा आराखडा म्हणजे उपचार नव्हता. पण त्याने एक दार उघडले, आणि पुढची वाट त्या दोघांनी मिळून काढली.

एका वाचक भगिनीचे पत्र

मुलांच्या बाबतीत मला आलेल्या एका पत्राचे उत्तर येथेच देते, कारण तो प्रश्न अनेकांचा आहे. या बाईंचे यजमान आठ महिन्यांपूर्वी गेले. नऊ वर्षांची मुलगी रोज वडिलांची स्कूटर काढते, तीही रिकामी. सासूबाई म्हणतात, असे रिकामे वाहन काढणे अशुभ, तिला थांबव. "मी काय करू?" असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तिला थांबवू नका. मुले मोठ्यांसारखी बसून शोक करत नाहीत. ती थोडे रडतात, लगेच खेळायला पळतात आणि रात्री पुन्हा तोच प्रश्न विचारतात. खेळ आणि चित्र हीच त्यांची बोलण्याची रीत असते. रिकामी स्कूटर काढून तुमची मुलगी एक खरी गोष्टच सांगते आहे, की बाबांची जागा रिकामी आहे.

तिला "हे काय काढलेस?", "बाबा का नाही काढलेस?" असे विचारू नका. शेजारी बसा आणि "मला या चित्राविषयी सांग" एवढेच म्हणा. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर राहू द्या. काळा रंग वापरला म्हणजे मनात काहीतरी भयंकर आहे, असे अर्थ लावत बसू नका. पुष्कळदा तो खडू हाताशी असतो, एवढेच. एकच चित्र पुन्हापुन्हा येते याचीही धास्ती नको. मात्र ती शाळेत लक्ष देईनाशी झाली, मैत्रिणी सोडल्या, झोपेत दचकू लागली, किंवा "मलाही बाबांकडे जायचे आहे" असे म्हणू लागली, तर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

लहान मुलांशी बोलताना "बाबा गावाला गेले", "झोपले" असे सांगू नये, हेही या निमित्ताने सांगते. पाच वर्षांच्या आतले मूल मग त्यांची परत येण्याची वाट पाहते, नाहीतर झोपायलाच घाबरते. "बाबांचे शरीर चालायचे थांबले, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही," असे साध्या शब्दांत सांगावे.

आणि सासूबाईंविषयी. त्यांनी आपला मुलगा गमावला आहे. ती रिकामी स्कूटर त्यांना पाहवत नसेल, आणि ते दुःख 'अशुभ' या शब्दातून बाहेर येत असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना विचारा, "ह्यांनी लहानपणी पहिली सायकल कधी चालवली?" आजीने ती गोष्ट नातीला सांगावी आणि नातीने तिचे चित्र काढावे. घरातल्या तिघींना एकत्र बसायला एक निमित्त होईल.

मुलांच्या चित्रांचे मोल काय असते याची साक्ष प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात टेरेझिनच्या छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्ती घरापासून तुटलेल्या मुलांना चित्रकला शिकवत. १९४४ साली त्यांना आउश्विट्झला नेऊन ठार करण्यात आले. त्यांच्या वर्गातली बहुसंख्य मुलेही वाचली नाहीत. मात्र दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली. भुकेल्या, भेदरलेल्या मुलांनी त्यांत घरे, फुले, जेवणाची टेबले काढली आहेत.

चित्राची मर्यादा

चित्र काढल्याने शोक संपतो, असा दावा मी करणार नाही. या विषयावरचे अभ्यास अजून थोडे आहेत आणि लहान आहेत. काहींना याचा उपयोग होतो, काहींना भजनाचा, काहींना पर्वतीवर रोज चढण्याचा. ज्याला जे झेपेल ते त्याने करावे.

काही प्रसंगी एकट्याने चित्र काढू नये. अपघात, आत्महत्या, खून अशा रीतीने माणूस गेले असेल, तर त्या घटनेचेच चित्र घरी एकट्याने काढत बसू नये. त्याने मन पुन्हापुन्हा त्याच क्षणी जाऊन अडकते. असे काम प्रशिक्षित माणसासोबतच करावे. पुण्यात कलेच्या आधारे उपचार करणाऱ्या व्यक्ती व संस्था आहेत. १९९९ साली सुरू झालेल्या बापू ट्रस्टने शहरातील वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याच्या कामात कलेचा वापर केला आहे. कोणाकडेही जाताना त्यांचे प्रशिक्षण कशाचे आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

करोनाच्या साथीने शोक अडकलेल्यांची संख्या आपल्या शहरात वाढवली, असे मला वाटते. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि पुढच्या दोन वर्षांत कित्येकांना आपल्या माणसाचा चेहराही पाहता आला नाही. अंत्यसंस्कार महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या हातून झाले, तेराव्याला घर रिकामे राहिले. हातांना जे काम मिळायला हवे होते तेच मिळाले नाही. त्यांपैकी काही जण आजही माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगते की, उशीर झाला असे काही नसते. राहिलेला निरोप चार वर्षांनी, पाच वर्षांनीही देता येतो.

शोक दीर्घकाळ तसाच तीव्र राहिला तर मात्र तो उपचार मागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा पुष्कळ जास्त, ओढ व वेदना रोज तितकीच तीव्र असणे आणि त्यामुळे रोजची कामे अशक्य होणे, ही त्याची खूण. जेवणखाण सुटणे, दारूचा आधार घेणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर सहा महिने वाट पाहू नये. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते. शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, आणि तेथे मराठीतून बोलता येते.

शेवटी दोन शब्द शोकग्रस्तांच्या आप्तेष्टांसाठी. तेराव्याला आपण सगळेच जातो. त्यानंतर महिन्याने, तीन महिन्यांनी, पहिल्या दिवाळीच्या आधी, पुन्हा एकदा जा. सांत्वनाची वाक्ये पाठ करून जायची गरज नाही. जाताना एक चित्रकलेची वही आणि दोन पेन्सिली न्या. एक त्यांना द्या, एक स्वतः घ्या आणि म्हणा, "काकांचा अडकित्ता कुठे आहे? चला, काढून बघू." तुमचे चित्र वाकडे आले तर उलट बरेच. त्यांना हसायला येईल, आणि त्या घरात पुष्कळ दिवसांत कोणी हसले नसेल.